फूटपट्टी कोणाच्या हातात?

उद्योगपती घराण्यांच्या न्यासांकडे अनुदानाचा अर्ज केला की आधी कागद मागितले जातात. नोंदणी, आयकराची १२-अ आणि ८०-जी मान्यता, बहुधा तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, विश्वस्तांची यादी. मग प्रत्यक्ष भेट आणि शेवटी विश्वस्तांचा निर्णय. हिशेब मागण्यात गैर काहीच नाही. समाजाच्या नावाने आलेल्या पै-पैचा हिशेब दिलाच पाहिजे.

खरी मेख पुढच्या प्रश्नात आहे: यापूर्वी अनुदान कोणी दिले? म्हणजे ज्याला मिळाले, त्यालाच पुन्हा मिळणार! वस्तीत अभ्यासिका चालवणाऱ्या संस्थेने सफाईदार इंग्रजी प्रस्ताव लिहिणारा माणूस कुठून आणायचा? गुणवत्तेच्या नावाने दार लावण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. परदेशी न्यासांचा पैसा मोठ्या संस्थांमार्फत लहानांपर्यंत पोचत असे. २०२० च्या एफसीआरए दुरुस्तीने ती वाटही बंद केली.

दुसरी पद्धत शक्य आहे. अमेरिकेत मॅकेन्झी स्कॉट यांच्या २०२३ च्या खुल्या आवाहनाला ६,३५३ संस्थांनी अर्ज केले. पहिली छाननी अर्जदार संस्थांनीच एकमेकींची केली. २०२४ मध्ये ३६१ संस्थांना ६४ कोटी डॉलर जाहीर झाले.

आपल्याकडील न्यासांना करसवलत मिळते, म्हणजे त्या पैशात जनतेचाही वाटा आहे. म्हणून निकष जाहीर करा, नकाराचे कारण लेखी द्या, निवड समितीत वस्तीतला माणूस बसवा, ही मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरावी. आणि आपल्या वह्या चोख ठेवाव्यात. नकाराला आयते निमित्त कशाला द्यायचे?