मुकादमानं काय केलं?

परवा एक मुलगी घरी आली. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची लेक, पुण्याला नोकरी करते. हातात एक छापील कागद. म्हणाली, "सर, आजीची आठवण तुम्ही लिहून घेतली होती ना? वाचनालयातून छापून आणली. पण पुढचं कुठंय?"

कागदावर शेवटची ओळ अशी होती : "खडी फोडता फोडता धाकटं पोरगं तापानं फणफणलं, तव्हा मुकादमानं"

बस. पूर्णविराम नाही, काही नाही. आजी गेल्या वर्षी वारल्या.

थोडं मागचं सांगतो. निवृत्तीनंतर मी आणि दोन-तीन समवयस्कांनी सिंदखेडराजा, देऊळगावराजा, मेहकर या भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी लिहून घेतल्या. दुष्काळी कामं, मिलोची लाल भाकर, सुकडी, विहिरीच्या तळाशी वाटीनं भरलेलं पाणी. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा. पण त्याआधी खडीच्या ढिगावर बसलेल्या बायांचं कोण लिहिणार? वह्या भरल्या. एका विद्यार्थ्यानं अ‍ॅक्सेसमध्ये फॉर्म करून दिला : नाव, गाव, वय आणि खाली मोठा चौकोन, 'आठवण'. दोन संगणकांवर आम्ही टंकत बसलो. वह्या पुढं एका पावसाळ्यात भिजून लगदा झाल्या. संगणकात आहे म्हणून कुणी हळहळलंही नाही!

मुलीला चहा दिला आणि तिच्यासोबत वाचनालयात गेलो. फॉर्म उघडला. जी आठवण उघडावी ती चाळीसेक शब्दांवर तुटलेली. माझ्या पोटात गोळाच आला.

फॉर्म करून देणाऱ्या विद्यार्थ्याला फोन लावला. तो म्हणाला, "सर, घाबरू नका. फॉर्म बंद करा, सरळ टेबल उघडा." उघडलं. त्या ओळीवर जाऊन शिफ्ट आणि एफ-दोन दाबलं तर मजकूर अख्खा! म्हणजे आठवण शाबूत होती, दाखवणारी खिडकी आखूड होती.

मग त्यानं समजावलं ते मला कळलं तसं लिहितो, कुणाला उपयोगी पडेल. अ‍ॅक्सेसमध्ये साध्या मजकुराच्या रकान्याला २५५ अक्षरांची मर्यादा असते. लांब मजकुराचा प्रकार वेगळा. त्याला पूर्वी 'मेमो' म्हणत, २०१३ च्या आवृत्तीपासून 'लाँग टेक्स्ट' म्हणतात. आमचा रकाना बरोबर होता. पण फॉर्मच्या मागं जी क्वेरी होती तिच्यात कुणीतरी 'युनिक व्हॅल्यूज'ला 'येस' केलं होतं, एकच नाव दोनदा दिसू नये म्हणून. दोन नोंदी सारख्या आहेत का हे ताडायचं तर तो संगणक लांब मजकुराची पहिली २५५ अक्षरंच धरतो आणि उरलेलं दाखवतच नाही. 'ग्रुप बाय' केलं तरी तेच. तिथं त्या रकान्याला 'फर्स्ट' द्यावं लागतं. चौकोनाच्या 'फॉरमॅट'मध्ये एखादं चिन्ह राहिलं तरी तेच. आम्ही 'नो' केलं, फॉर्म पुन्हा उघडला, आणि आजी पुढं बोलू लागल्या.

आणि ही २५५ अक्षरंसुद्धा आपली नव्हेत बरं का! मी चाळीस वर्षं शिकवलं की 'विद्यार्थी' हा तीन अक्षरी शब्द. संगणक त्याची दहा मोजतो. वेलांटी वेगळी, काना वेगळा, पाय मोडल्याचं चिन्हही वेगळं. असो.

तर मुकादमानं काय केलं? वाचण्याआधी मी त्या मुलीला विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "हाकललं असेल, नाहीतर मजुरी कापली असेल." खरं सांगतो, मलाही तेच वाटलं होतं, आणि लिहून घेणारा मीच! पुढची ओळ अशी होती : "सोताची गाडी जुंपून देली, अन् मस्टरवर माही हजेरी भरली." मुलगी रडली. त्या मुकादमाला आम्ही दोघांनी अर्धा तास खलनायक केलं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की कमी दाखवणं हा गुन्हा नव्हे, कमी दाखवलं हे न सांगणं हा गुन्हा आहे. वर्तमानपत्रसुद्धा 'पान ५ वर' असं छापतं. संगणकानं निदान तीन टिंबं द्यावीत, 'पुढं आहे' म्हणावं. चूक झाली की यंत्र ओरडतं असा माझा समज होता. इथं ते अगदी गप्प होतं, आणि म्हणून आम्हीही.

पण नुसतं यंत्राला बोलून कसं चालेल? शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये शाळा सोडल्याच्या कारणाचा रकाना असतो, दोन बोटं रुंद. त्यात मी स्वतःच्या हातानं किती मुलींपुढं 'सतत गैरहजर' लिहिलं! त्या का येत नव्हत्या हे मला ठाऊक होतं. कुणाची आई ऊसतोडीला गेलेली आणि घरी लहान भाऊ, कुणाचं लग्न ठरलेलं. रकान्यात मावत नव्हतं म्हणून लिहिलं नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. कागदाची मागची बाजू कोरी होती की.

सगळंच परत मिळालं नाही. मेहकरकडच्या तेवीस आठवणी दुसऱ्या संगणकावर होत्या. तो भंगारात गेला तेव्हा त्याची मूळ फाईल कुणी ठेवली नाही, 'यादी आहे की' म्हणून एक्सेलमधली यादी तेवढी ठेवली. ती यादी त्याच क्वेरीतून काढलेली. तिच्यात तेवीस माणसं तुटलेल्या वाक्यांवर थांबलेली आहेत, आणि त्यांच्या मागं कुठलंही टेबल नाही.

मी चौकशी केली. तेवीसपैकी सहा जण हयात आहेत. त्यातल्या एका बाबांना आता नीट ऐकू येत नाही, पण सून म्हणाली, सकाळच्या वेळी या, सकाळी बोलतात. सोमवारी पहिल्या एसटीनं निघतोय. दोनशे पानी वही घेतली आहे.