इंग्रजी कुणाची, नोकरी कुणाला?

परदेशात इंग्रजी शिकवण्याची नोकरी शोधणाऱ्या आपल्या मुलामुलींना जाहिरातीत एक अट हमखास भेटते : 'इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांनीच अर्ज करावा.' अट भाषेची दिसते. प्रत्यक्षात पाहिला जातो पासपोर्ट.

दक्षिण कोरियाचंच घ्या. इंग्रजी शिकवण्यासाठीचा तिथला 'ई-2' व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांना मिळतो : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. यातल्या दक्षिण आफ्रिकेत बहुसंख्य लोकांची मातृभाषा इंग्रजी नाहीच. 2010 पासून लागू झालेल्या भारत-कोरिया करारानं भारतीयांसाठीही दार किलकिलं केलं. पण ते शाळेतल्या सहायक शिक्षकाच्या कामापुरतं, आणि पदवीबरोबर अध्यापनाची पात्रता असेल तरच.

मातृभाषक हाच आदर्श शिक्षक, हा समज जुना आहे. 1961 साली युगांडातल्या मकेरेरे इथं झालेल्या परिषदेत त्याला तत्त्वाचा मान मिळाला. रॉबर्ट फिलिप्सन यांनी 1992 च्या आपल्या पुस्तकात तो भ्रम असल्याचं मांडलं. मला ते पटतं. मराठीत 'ए', 'अ‍ॅन', 'द' नाहीत. ते कुठे लावायचे आणि कुठे गाळायचे, हे धडपडत शिकलेल्या माणसाला विद्यार्थी नेमका कुठे अडतो ते कळतं. कोरियन भाषेतही ही उपपदं नाहीत. म्हणजे तिथल्या मुलांची अडचण आपल्या शिक्षकाला स्वतःच्या अनुभवातून ठाऊक असते.

अर्थात, मातृभाषा नाही म्हणून कच्चं इंग्रजी खपवून घ्या, असं मी म्हणत नाही. आपल्याकडे चुकीचं इंग्रजी शिकवणारे शिक्षक कमी नाहीत. त्यांना नाकारलं तर तक्रार कशाला?

पण भाषा कुणाची हे नाव आणि चेहरा पाहून ठरवण्याचा रोग फक्त परदेशातला नाही. माझ्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली जाते. तरी माझं नाव कळताच लोक कौतुकानं म्हणतात, "तुमचं मराठी किती छान आहे हो!" बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण मराठी त्याची, आणि मी ती शिकून आलेला पाहुणा, हे त्यानं आधीच ठरवलेलं असतं.

म्हणून कोरियातल्या शाळेकडे मागायचं तेच मी इथेही मागेन. उमेदवाराला अर्धा तास वर्गात उभं करा. मुलांना काय समजलं ते विचारा. पासपोर्ट नंतर बघा.