व्याह्याचे घोडे

‘घरचे झाले थोडे, अन् व्याह्याने धाडले घोडे’ ही म्हण हल्लीच्या मुलांना फोड करून सांगावी लागते. घोडे फुकटात मिळाले, मग तक्रार कसली, असे त्यांना वाटते. मग त्यांच्यापुढे चंदीचा हिशेब मांडावा लागतो, तबेल्याचा मांडावा लागतो, मोतद्दाराच्या पगाराचा मांडावा लागतो. शिवाय व्याह्याच्या मनात काही वाईट नव्हते, हेही सांगावे लागते. त्याने घोडे प्रेमानेच धाडले असेल. फक्त धाडण्यापूर्वी ‘तुमच्याकडे सोय आहे का हो?’ एवढे विचारायचे त्याच्याकडून राहून गेले.

ही म्हण साता समुद्रापलीकडे नेऊन लावावी, असा एक प्रकार अमेरिकेत दरवर्षी घडतो. तिकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांतले तरुण संघ उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ-पंधरा दिवसांच्या ‘मिशन’ दौऱ्यावर परदेशी जातात. वाचकांपैकी ज्यांची मुले-नातवंडे तिकडे आहेत, त्यांना नातीच्या एखाद्या मैत्रिणीचे मदतीसाठी आलेले पत्र ठाऊकही असेल.

या दौऱ्याची तयारी पाहावी तर आपल्याकडच्या लग्नघराला लाजवील अशी. आरंभ पैशापासून होतो. माणशी हजार-दोन हजार डॉलर सहज लागतात. ते उभे करण्यासाठी मुले चर्चच्या आवारात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मोटारी धुतात, घरी केलेले केक विकतात, काका-मावश्यांना पत्रे लिहितात. मग पासपोर्ट येतो, टायफॉइडची आणि काविळीची लस येते, अज्ञान मुलांसाठी आईबापांनी नोटरीपुढे सही केलेले संमतिपत्र येते. सगळ्यांना एकाच रंगाचे सदरे शिवून नव्हे, पण छापून मिळतात. उपासनेनंतर पाळकसाहेब बैठका घेतात : पाणी बाटलीतलेच प्या, एकटेदुकटे हिंडू नका, पोरांना पैसे वाटू नका, विचारल्याशिवाय फोटो काढू नका. शब्दांवाचून समजेल असे एखादे मूकनाट्य बसवले जाते. आपल्या श्रद्धेविषयी तीन मिनिटांत काय बोलायचे, तेही पाठ करून घेतले जाते. आणि मग भिंती रंगवायला, विटा रचायला, लहान मुलांना गाणी शिकवायला ही मंडळी मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास, केनिया अशा देशांकडे रवाना होतात. रॉबर्ट वुथनाऊ या समाजशास्त्रज्ञाने २००५ सालच्या पाहणीवरून अंदाज केला होता की, वर्षाकाठी सुमारे १६ लाख प्रौढ अमेरिकन अशा दौऱ्यांवर जातात. शाळकरी मुले या आकड्यात धरलेलीच नाहीत.

या तयारीला हसण्याचे कारण नाही. सतरा वर्षांच्या पोराने सुट्टी आणि मोटारी धुऊन मिळवलेला पैसा दुसऱ्यासाठी खर्चावा, ही कोणत्याही धर्मात चांगलीच गोष्ट. पण वरची यादी पुन्हा एकदा वाचून पाहा. तिच्यात जाणाऱ्याच्या पोटाची काळजी आहे, कागदपत्रांची आहे, बोलायच्या भाषणाची आहे. ज्यांच्या घरी जायचे त्यांचे बोलणे समजून घेण्याची तयारी मात्र तिच्यात कोठे दिसत नाही. मराठी शिकवणाऱ्या माणसाची नजर नेमकी तेथेच अडते.

मराठी वाचकाला या विषयाची एक जुनी बाजूही ठाऊक असायला हवी. कारण या साऱ्या कुळकथेच्या आरंभी आपली मुंबईच आहे. १८०६ साली मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी वादळात सापडले आणि एका गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले. आशिया खंडात धर्मप्रचाराला जावे, हा विचार तेथे बोलला गेला. त्यातून १८१० साली ‘अमेरिकन बोर्ड’ ही संस्था निघाली आणि १८१२ साली तिची पहिली तुकडी जहाजावर चढली. सगळी पंचविशीच्या आगेमागची माणसे. त्यांच्यातल्या हॅरिएट न्यूएलचे तर तेव्हा एकोणिसावे वर्षही पुरे झाले नव्हते. ती त्याच साली मॉरिशसला वारली. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते, म्हणून कलकत्त्याहून त्यांना घालवून देण्याचा घाट घातला गेला. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे कसेबसे निसटून १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला पोचले.

हॉल मराठी शिकला. बाजारात उभा राहून बोलण्याइतकी आणि बायबलाच्या भाषांतराला हात घालण्याइतकी शिकला. १८२६ साली नाशिक भागातून परतताना त्याला पटकीने गाठले आणि एका देवळाच्या ओसरीवर त्याने देह ठेवला. तेव्हा त्याचे वय एकेचाळीस होते; त्यातली तेरा वर्षे आपल्याकडे गेली होती. १८२७ साली आलेल्या सिंथिया फरारबाईंनी मुंबईत आणि पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या, आणि १८६२ साली नगरलाच त्या वारल्या. त्यांच्या नगरच्या शाळा पाहूनच जोतीराव फुल्यांना पुण्यात मुलींची शाळा काढण्याची उमेद आली.

या मंडळींच्या धर्मप्रचाराशी आपल्या लोकांचा मतभेद होता, आणि तो लपून राहिलेला नाही. त्यावर कडाडून वाद झाले. पण ते मराठीतून झाले, हे विसरू नये. परक्याची भाषा आपण शिकतो ती त्याला काही सांगता यावे म्हणून, असा सर्वसाधारण समज आहे. मला वाटते, तिचा मोठा उपयोग उलटाच आहे. तुम्ही त्याची भाषा शिकलात की, ‘तुम्ही चुकता आहात’ असे तुम्हाला सांगण्याची त्याची सोय होते.

तरुणांच्या मिशनचे दुसरे पर्व सुरू झाले, त्यातही एक माणूस आपल्याकडचाच. रॉबर्ट वाइल्डर हा १८६३ साली कोल्हापूरला जन्मला; त्याचे वडील तेथे मिशनरी होते. १८८६ साली मॅसॅच्युसेट्समध्ये माउंट हर्मन येथे विद्यार्थ्यांचा उन्हाळी मेळावा भरला, तेव्हा त्याच्या खटपटीने शंभर तरुणांनी परदेशी जाण्याचा संकल्प सोडला. तो संकल्प जन्माच्या कामाचा होता, सुट्टीचा नव्हे.

पुढे प्रवास सोपा झाला आणि मुदत आखडली. १९५७ साली जॉर्ज व्हर्वर हा कॉलेजचा विद्यार्थी दोन मित्रांना घेऊन सुट्टीत मेक्सिकोला पुस्तके वाटायला गेला. १९६० साली लोरेन कनिंगहॅम याने तरुणांना अल्प मुदतीसाठी पाठवणारी संस्था काढली. तेरा वर्षांचे काम तेरा दिवसांवर आले. येथेच घोड्याच्या चंदीचा हिशेब सुरू होतो.

हा हिशेब पहिल्यांदा रोखठोक मांडला तो एका धर्मगुरूनेच. १९६८ साली मेक्सिकोतल्या कुएर्नावाका गावी, सुट्टीत सेवा करायला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढे इव्हान इलिच यांचे भाषण झाले. बोलावणाऱ्यांनी आशीर्वादाची अपेक्षा केली असेल. इलिच यांनी फैलावर घेतले. त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ असा : पाहायला या, शिकायला या, डोंगर चढायला या, पण मदतीला म्हणून येऊ नका. ज्या गावची भाषा तुम्हाला कळत नाही, तेथे लोक तुमच्याविषयी काय म्हणतात हेदेखील तुम्हाला कळणार नाही.

दुसरा हिशेब आकड्यांचा आहे. १९९८ साली ‘मिच’ नावाच्या चक्रीवादळाने होंडुरासची धूळधाण केली, आणि उत्तर अमेरिकेतल्या चर्चची पथके घरे बांधायला धावली. कर्ट व्हर बीक या ख्रिस्ती अभ्यासकाने त्याची पाहणी करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या घराला तेथे सुमारे दोन हजार डॉलर लागत, त्यासाठी एकेका पथकाचा प्रवासासकट खर्च तीस हजारांच्या घरात जाई. इतके करून, घर पाहुण्यांनी बांधले काय किंवा गावच्या गवंड्यांनी बांधले काय, राहणाऱ्यांच्या आयुष्यात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. परत आलेल्या स्वयंसेवकांच्या वागण्यातला बदलही बेताचाच निघाला. गवंड्याचा रोजगार मात्र बुडाला असणार; आणि रंगवलेली भिंत वाकडी दिसली तरी बोलणार कोण? गरजवंताला अक्कल नसते, असे आपण म्हणतो. खरे म्हणजे त्याला अक्कल असते, तोंड नसते.

मग दौरे बंदच करावेत काय? तसे मला वाटत नाही. तरुणपणी परक्याच्या दारात उभे राहण्याने जे शिक्षण होते, ते पुस्तकात मिळत नाही. तिकडच्या विचारी मंडळींनाही ही उणीव जाणवलेली आहे. २००३ साली अमेरिकेत अशा दौऱ्यांसाठी सात निकष ठरवण्यात आले. कामाची आखणी यजमानांना बरोबर घेऊन करावी, जाणाऱ्यांना योग्य शिक्षण द्यावे, परत आल्यावरही पाठपुरावा करावा, अशा गोष्टी त्यांत आहेत. म्हणजे ‘सोय आहे का हो?’ हे विचारायला व्याही शिकू लागला आहे.

माझ्या हाती तयारी असती, तर बैठकांतल्या निम्म्या वेळी मी भाषाच शिकवली असती. त्यातही ‘आम्ही तुम्हाला मदत करू’ हे वाक्य शेवटी. आधी प्रश्न : हे कसे करतात? हे कोणाचे? पुन्हा सांगता का? मी कोठे बसू? ग्वाटेमालाला जाणाऱ्या मुलांना तर स्पॅनिश शिकूनही एक धक्का बसायला हवा. त्या देशात वीसहून अधिक माया भाषा बोलल्या जातात; डोंगरातल्या म्हातारीला स्पॅनिश येईलच असे नाही. तेव्हा दुभाष्या गावचाच घ्यावा आणि त्याची मजुरी द्यावी. मिस्त्रीही गावचाच असावा. पाहुण्यांनी त्याच्या हाताखाली विटा द्याव्यात. त्या देशाचा थोडा इतिहास वाचून जावे. ग्वाटेमालात १९५४ साली लोकांनी निवडलेले सरकार अमेरिकेच्या साहाय्याने उलथवले गेले, हे तेथल्या आजोबांना आठवत असेल आणि पाहुण्या नातवाला ठाऊक नसेल, हे शोभत नाही. कायद्याची चौकटही सरळपणे पाळावी. भारतात येणाऱ्यांसाठी मिशनरी कामाचा व्हिसा वेगळा आहे. प्रवाशाच्या व्हिसावर येऊन प्रचार करता येत नाही. ज्याच्या घरी सेवेला जायचे, त्याच्याशी दारातच लपवाछपवी कशाला?

हे सारे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. १९६९ पासून आमच्या महाविद्यालयांतून राष्ट्रीय सेवा योजना चालते आणि सात दिवसांचे शिबिर एखाद्या खेड्यात भरते. त्या खेड्याला आम्ही ‘दत्तक’ गाव म्हणतो! गाव शेकडो वर्षांचे, दत्तक घेणारी मुले एकोणीस वर्षांची. नवस बोलून झालेल्या पोराने आजोबांना मांडीवर घ्यावे, तसा हा प्रकार. तेथे भाषा मराठीच असते म्हणून आपण निर्धास्त असतो. पण ऐकण्याची सवय नसली, तर मराठी येऊनही माणूस बहिराच.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत किंवा पुढच्या सुट्टीत तुमच्या घरचे कोणी सेवेला निघाले, मग ते चर्चचे असो, शाखेचे असो, सेवादलाचे असो की कॉलेजचे, त्याला आडवू नका. पिशवीत लाडूही भरून द्या. फक्त परत आल्यावर ‘तुम्ही तेथे काय केलेत?’ हा प्रश्न दुसऱ्या दिवसावर ठेवा. पहिल्या दिवशी विचारा, ‘तुम्ही ज्यांच्याकडे उतरलात, त्यांचे नाव काय? त्यांच्या घरी काय अडचण आहे? आणि त्यांनी तुम्हाला कशाला नको म्हटले?’ या तीन प्रश्नांची उत्तरे आली, तर पोराचे जाणे सार्थकी लागले असे खुशाल समजा.