धूर वाऱ्यावर जातो, हिशेबातून जात नाही



पाचट पेटवू नका, असे आम्ही गटात सांगावयास गेलो की एक उत्तर हमखास मिळते. "साहेब, धूर काय, वाऱ्यावर जातोय." वर गेलेला धूर काय करू शकतो, ते परदेशातील दोन वणव्यांवरून पाहण्याजोगे आहे.

४ सप्टेंबर २०२० रोजी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा डोंगरात 'क्रीक' वणवा लागला. दुसऱ्याच दिवशी आगीच्या झळीने धूर व वाफ सुमारे १५ किलोमीटर उंच चढून गडगडाटी ढग झाला. शास्त्रज्ञ त्यास पायरोक्युम्युलोनिम्बस म्हणतात. आपण आगढग म्हणू. दिसावयास वळवाच्या ढगासारखा, पण पावसाला कद्रू. धुराच्या असंख्य कणांवर पाणी वाटले जाते आणि थेंब बारीकच राहतात. उलट त्याची वीज पडून नवी आग लागते.

जगाच्या हवामानाचे गणित मांडणाऱ्या संगणकात हा ढग पूर्वी उमटत नसे. २०२५ साली अमेरिकी शास्त्रज्ञांनी आगीची उष्णता आणि डोंगर-वाऱ्यामुळे वर चढणारी ओल यांचा नीट हिशेब घातला, तेव्हा क्रीकचा ढग वेळेला व उंचीला जुळला. ऊस नोंदीत लागणीची तारीख चुकली की तोडीचा सारा कार्यक्रम चुकतो, तसेच हे.

दुसरे गणित २०१७ च्या कॅनडातील वणव्यांचे. तेथील धूर दोन महिन्यांत १२ किलोमीटरवरून २३ किलोमीटरवर गेला आणि आठ महिने वर टिकला. धुरात काजळी शंभरात दोनच भाग धरली, तेव्हा संगणकातील ही चढण जुळली. एवढीशी काजळी ऊन पिऊन तापते आणि सारा धूर वर ओढते.

आता स्पष्ट बोलतो. एका फडाच्या पाचटाने आगढग होत नाही. तसे सांगून आम्ही कोणास भिववणार नाही. आपला धूर खालीच राहतो. तो गावात, शाळेत, म्हाताऱ्या माणसांच्या छातीत जातो. शिवाय हेक्टरी ८-१० टन पाचटातले बहुतेक नत्र जळून जाते, आणि त्याच नत्रासाठी आपण युरियाच्या पोत्याला पैसे मोजतो.

म्हणून आमचे मत असे की, येत्या तोडीपासून पाचट सरीतच दाबावे. खोडव्याला ओल टिकेल, जमिनीला खत मिळेल. काडी ओढणे मिनिटाचे काम आहे. हिशेब मात्र पुढच्या हंगामापर्यंत चालतो.

— ऊस विकास अधिकारी