हात थांबला, शब्द अडले

पार्किन्सन्समुळे येणारा हाताचा कंप थांबला त्या दिवशी माझ्या काकांनी बशीत थेंबही न सांडता चहा घेतला आणि काकूच्या डोळ्यांत पाणी आलं. मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची ती शस्त्रक्रिया, डीबीएस, आमच्या घराला फळली, हे आधीच सांगतो. पण तीन-चार महिन्यांत काकू म्हणायला लागली, "हे हल्ली बोलेनासेच झालेत रे." भेंड्या खेळताना सगळ्या पोरांना पाणी पाजणारा हा माणूस, 'म' आला की नुसता बघत बसायचा. कुणी म्हणालं वय झालं, कुणी म्हणालं आळस. शस्त्रक्रियेशी याचा संबंध असू शकतो, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

डॉक्टरांच्या जगात ही गोष्ट जुनी आहे. फ्रान्समधल्या ग्रेनोबलला आलीम-लुई बेनाबीद यांनी १९८७ मध्ये कंपावर हा उपाय सुरू केला. पुढे पार्किन्सन्ससाठी मेंदूच्या खोल भागातलं सबथॅलॅमिक न्यूक्लिअस हे जेमतेम काही मिलिमीटरचं केंद्र निवडलं गेलं. २००६ मध्ये 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त या केंद्रावरच्या २८ अभ्यासांचा, एकूण ६१२ रुग्णांचा आढावा आला. स्मरण आणि नियोजन थोडंसं उतरतं, पण झटपट शब्द सुचणं त्याहून जास्त उतरतं, असं त्यात दिसलं. दोन वर्षांनी जर्मनीत १२३ रुग्णांच्या अभ्यासातही तेच आढळलं. तिथे एकूण बुद्धी मात्र औषधांवरच्या रुग्णांइतकीच टिकून होती. म्हणजे हा स्मृतिभ्रंश नव्हे. आवाज बारीक होणं हेही वेगळं, ते या आजारातच असतं. इथे माणसाला सांगायचं असतं, पण शब्द वेळेवर हाताशी येत नाही, आणि तोवर बाकीचे पुढच्या विषयावर गेलेले असतात.

इलेक्ट्रोडला वीज पुरवणारं यंत्र बंद केलं की शब्द परत येतील, असं वाटतं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत १३६ रुग्णांना इलेक्ट्रोड बसवले, पण काहींचं यंत्र तीन महिने सुरूच केलं नाही. शब्द दोन्ही गटांत कमी झाले. म्हणजे इलेक्ट्रोडची तार आत जाण्याचीही काही किंमत मेंदू मोजतो. तार मेंदूतल्या कॉडेट न्यूक्लिअस या भागातून गेली तर एकूण बौद्धिक क्षमता आणि तात्पुरतं लक्षात ठेवण्याची ताकद उतरण्याचा धोका वाढतो, असं जर्मन संशोधकांनी पुढे दाखवलं. शस्त्रक्रियेआधी सर्जन एमआरआयवर तारेचा मार्ग आखतात. त्या आखणीबद्दल रुग्णाच्या घरच्यांनीही विचारलं पाहिजे.

सबथॅलॅमिक न्यूक्लिअस हे केंद्र मेंदूचा ब्रेकही आहे. दोन पर्याय सारखेच ओढत असतील तेव्हा ते 'थांब जरा' म्हणतं. यंत्र सुरू असताना अशा कठीण निवडीत रुग्ण घाईने ठरवतात, असं मायकल फ्रँक आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये 'सायन्स'मध्ये मांडलं. म्हणून माझं सांगणं, जमिनीचा, पैशांचा मोठा व्यवहार शस्त्रक्रियेनंतर लगेच करू नका.

यातलं काहीही वाचून शस्त्रक्रिया टाळू नका. स्वतःच्या हाताने शर्टाची बटणं लावता येणं ही लहान गोष्ट नाही. माझा आक्षेप न सांगण्याला आहे. संमतिपत्रात रक्तस्राव असतो, जंतुसंसर्ग असतो. शब्दांचा उल्लेखही तितक्याच ठळकपणे, मराठीत हवा. आणि शस्त्रक्रियेआधी शब्द सुचण्याची चाचणी हवी, तीही रुग्णाच्या बोलीत. इंग्रजी चाचणीतली एफ, ए, एस ही अक्षरं मालवणी बोलणाऱ्या आजीपुढे ठेवून काय कळणार? तिला 'क'चे शब्द विचारा, एका मिनिटात किती प्राणी आठवतात ते विचारा, आणि आकडा फाइलवर लिहा. सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा विचारा.

पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर. सगळ्या शुभंकरांना माझी विनंती आहे, सही करण्याआधी ही चाचणी मागून घ्या. आणि घरी आल्यावर शुभार्थीचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, त्याला वेळ द्या.

काकांची अशी चाचणी आधी झाली नव्हती. त्यांचे किती शब्द गेले, हे आता कुणालाच मोजता येत नाही.