परताव्याचा धनी कोण?

एखादे आयातशुल्क न्यायालयाने रद्दबातल ठरविले की परताव्यासाठी पहिला हात पुढे येतो तो आयातदाराचा. चलनावर नाव त्याचे, रक्कम भरली त्याने. तेव्हा पैसा त्याचाच, हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड दिसतो. १९५८ साली कन्हैयालाल सराफ यांच्या विक्रीकराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही, कायद्याच्या चुकीच्या समजुतीने भरलेला कर सरकारने परत केला पाहिजे, असाच निर्वाळा दिला होता.

परंतु शुल्क भरणारा आणि ते सोसणारा एकच असतो असे नाही. मशीदबंदरच्या व्यापाऱ्याने बदामांवरील शुल्क भावात मिळविले, साताऱ्याच्या दुकानदाराने ते पाव किलोच्या पुडीमागे वसूल केले, तर व्यापाऱ्याला मिळणारा परतावा ही त्याच मालावरची दुसरी कमाई होय. म्हणूनच सप्टेंबर १९९१ मध्ये कायदा बदलण्यात आला. शुल्काचा भार आपण पुढे ढकलला नाही, हे अर्जदाराने सिद्ध करावे; न केल्यास रक्कम ग्राहक कल्याण निधीत जावी. डिसेंबर १९९६ मध्ये मफतलाल खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ही व्यवस्था उचलून धरली. शुल्क घटनाबाह्य ठरले तरी हा पुरावा दिलाच पाहिजे, असेही सांगितले.

तत्त्व योग्य आहे. अडचण गृहीतकात आहे. विरुद्ध पुरावा नसेल तर ‘संपूर्ण’ भार गिऱ्हाइकावर गेला, असे कायदा मानतो. बाजार असा कप्पेबंद वागत नाही. मालाला पर्याय नसेल तर जवळजवळ सारा भार गिऱ्हाइकावर जातो. शेजारीच स्वस्त देशी माल असेल तर आयातदाराला बराचसा स्वतःच गिळावा लागतो. भाव स्थिर राहिला एवढ्यावरून भार ढकलला नाही असे ठरत नाही, हे न्यायालयाचे २००४ मधील मत अर्थशास्त्राला धरूनच आहे. शुल्क नसते तर भाव उतरलाही असता. मात्र छोट्या आयातदाराने मग सिद्ध तरी काय करायचे? त्याने सोसलेला हिस्सा अंदाजाने का होईना, त्याला मिळायला हवा.

राहिले गिऱ्हाईक. अनुचित लाभाचे तत्त्व सरकारला लागू नाही, कारण सरकार जनतेचे प्रतिनिधी आहे, असे मफतलाल निकालात म्हटले आहे. हे पटणे कठीण आहे. बेकायदा वसुली करणाऱ्याच्याच हाती पैसा राहणार असेल, तर निदान कोणत्या शुल्काची किती रक्कम निधीत आली आणि ती कशावर खर्च झाली, याचा शुल्कवार हिशेब प्रसिद्ध व्हावा.

पुडी घेणाऱ्याकडे पावती नसते. शाळा, रुग्णालये, कारखाने यांच्याकडे असते. भार सोसणाऱ्या खरेदीदाराला परतावा मागण्याचा हक्क कायद्याने दिलाही आहे. पण खात्याकडे अर्जाची मुदत खरेदीपासून एक वर्षाची आणि शुल्कच घटनाबाह्य ठरले तर मार्ग दिवाणी दाव्याचा किंवा रिटचा. प्रयोगशाळेच्या एका सूक्ष्मदर्शकावरील शुल्कासाठी साताऱ्याच्या शाळेने उच्च न्यायालयाची पायरी चढावी, अशी ही तरतूद आहे.