पडद्यावरचे धन्वंतरी

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांनी एकत्र येऊन सह्यांचे निवेदन काढावे, आणि हळद व कडुलिंब यांनी कर्करोग बरा होतो असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही हे देशाला समजावून सांगावे, असा प्रसंग २३ नोव्हेंबर २०२४ रोजी आला. शस्त्रक्रियागृहात आणि रुग्णांच्या रांगेपुढे ज्यांचा दिवस पुरत नाही, त्या मंडळींना हे काम का करावे लागले? क्रिकेटपटू, राजकारणी आणि दूरचित्रवाणीवरील हशाचे मानकरी असा त्रिविध लौकिक असलेले नवज्योतसिंग सिद्धू यांनी त्याआधी दोन दिवस अमृतसरला पत्रकारांसमोर आपल्या पत्नीच्या आजाराची हकीकत सांगितली होती. चौथ्या अवस्थेतील कर्करोगातून त्या बाहेर पडल्या, ही बातमी खरोखरच आनंदाची होती. परंतु या यशाचे श्रेय त्यांनी लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुलिंबाची पाने आणि साखर-दूध वर्ज्य करणे यांस दिले, आणि तेही चाळीस दिवसांच्या हिशेबाने. शस्त्रक्रिया व रसायनोपचार झाल्याचे त्याच हकिकतीत होते. मात्र ध्वनिचित्रफितीचा जो तुकडा घरोघरच्या मोबाइलवर पोचला, त्यात लिंबू आणि हळदच तेवढी उरली. हा आहार वैद्यांच्या सल्ल्यानेच ठरवला होता आणि तो उपचारांना पूरक म्हणून होता, असा खुलासा सिद्धू यांनी पुढे केला. पण खुलाशाचे पाय नेहमीच लंगडे असतात.

सिद्धू यांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. जिवावरच्या संकटातून माणूस सुटला की तो सुटकेचे कारण शोधतो, आणि जे स्वतःच्या हाताने केले त्यालाच ते कारण समजतो. ही मनुष्यस्वभावाची जुनी खोड आहे. नवी गोष्ट एवढीच की पूर्वी अशी हकीकत ओसरीवर बसलेल्या दहा-पंधरा जणांत सांगितली जाई; आता ती कोट्यवधींपुढे जाते, आणि ती जितकी चमत्कारिक असेल तितकी ती पुढे ढकलणारी यंत्रणा तिच्यामागे सज्ज असते. जो बरा झाला तो आपली कथा सांगावयास उरतो. ज्याने त्याच लिंबूपाण्यावर भरवसा ठेवून उपचार सोडले, त्याची कथा सांगण्यास कोणी उरत नाही. टाटा रुग्णालयातील तज्ज्ञ त्या दुसऱ्या प्रकारच्या माणसांना रोज पाहतात. परळच्या पदपथावर पथारी टाकून पाळीची वाट पाहणाऱ्यांत कोकणातले लोक असतात, खानदेश-विदर्भातले असतात, सीमेपलीकडचेही असतात. त्यांतल्या कोणाची गाठ तीन महिने आधी तपासली गेली असती तर काय झाले असते, हा प्रश्न त्या डॉक्टरांना रोज पडत असणार.

तापीकाठचे बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात आहे, पण त्या जिल्ह्यात मराठी बोलणारांची वस्ती मोठी आहे आणि रावेर-जळगावाशी त्यांचा सोयरसंबंध व व्यवहार जुना आहे. तेथील राजपुऱ्यात बसलेल्या तरुणाला आज मुंबई-पुण्यातील कोणाही बोलक्या माणसाचा आरोग्यविषयक उपदेश त्याच्याच भाषेत, त्याच क्षणी मिळतो. मात्र मुंबई-पुण्याचा कर्करोगतज्ज्ञ त्याला तितक्या सहजतेने मिळत नाही. त्यासाठी रात्रीची गाडी, उसने पैसे आणि बरोबर येणारा भाऊबंद लागतो. सल्ला फुकट व हाताशी, उपचार महाग व दूर. अशा स्थितीत तो कोणाचे ऐकेल हे सांगावयास ज्योतिषी नको.

या बुऱ्हाणपुरातच १६३१ साली चौदाव्या बाळंतपणात मुमताजमहलचा अंत झाला. हिंदुस्थानच्या पातशहाचा खजिना आणि दरबारचे हकीम तिला वाचवू शकले नाहीत, कारण ते ज्ञानच तेव्हा जगात नव्हते. आज ते ज्ञान आहे आणि सरकारी प्रसूतिगृहात ते गरिबालाही मिळते. तरीही जुलै २०१८ मध्ये तमिळनाडूतील तिरुप्पूर येथे एका सुशिक्षित दांपत्याने ध्वनिचित्रफिती पाहून घरीच प्रसूती करण्याचा घाट घातला, आणि त्या तरुण शिक्षिकेचा अतिरक्तस्रावाने मृत्यू झाला. पातशहापाशी जे नव्हते ते हाताशी असताना नाकारावे, ही बुद्धी त्या घरात कोठून आली? ‘नैसर्गिक’ या एका शब्दाची मोहिनी सतत घालणाऱ्यांकडूनच ती आली. मार्च २०२५ मध्ये केरळच्या कण्णूर जिल्ह्यातील अठरा वर्षांची एक मुलगी वजन घटवण्याच्या ध्यासापायी अन्नावाचून गेली. तीही पडद्यावर पाहिलेला आहार पाळत होती असे तेव्हा प्रसिद्ध झाले. ज्यांचे ऐकून असे घडते त्यांना घटनेचा पत्ताही नसतो. गावोगाव जडीबुटी घेऊन फिरणाऱ्या वैदूला लोक हसत असत, परंतु तो पुढल्या वर्षी त्याच वेशीतून परत येई आणि गुण न आल्यास त्याला चार लोकांत जाब द्यावा लागे. या नव्या धन्वंतरींना वेसच नाही.

आपला आजार चारचौघांत सांगूच नये, असे मात्र आमचे म्हणणे मुळीच नाही. आपल्या समाजात कर्करोग, क्षय, मनोविकार ही नावे कुजबुजत घेण्याची रीत होती व त्या कुजबुजीने पुष्कळ जीव घेतले. जुलै २०१८ मध्ये अभिनेत्री सोनाली बेंद्रे यांनी आपल्याला कर्करोग झाल्याचे स्वतः जाहीर केले आणि पुढे केस गेलेल्या मस्तकाने त्या लोकांसमोर आल्या, तेव्हा अनेक स्त्रियांना धीर आला असेल. ते धैर्याचे काम होते. त्याच सोनालीबाईंनी नोव्हेंबर २०२५ मध्ये निसर्गोपचारातील ‘ऑटोफॅजी’च्या प्रयोगाचा आपल्याला लाभ झाल्याचे लिहिले, तेव्हा त्यांचा प्राण शस्त्रक्रियेने व रसायनोपचारांनी वाचला, हे डॉक्टरांना बोलून दाखवावे लागले. आपण वैद्य नाही पण भोंदूही नाही, असे उत्तर बाईंनी दिले. त्या भोंदू नाहीत हे आम्हांस मान्य आहे. ‘मला असे झाले’ इथपर्यंत अनुभव आहे. ‘यामुळे बरे वाटले’ म्हटले की तो निदान-चिकित्सेच्या प्रांतात पाऊल टाकतो, आणि तेथे अनुभवाची नाणी चालत नाहीत.

ती कोणती नाणी चालतात याचे उदाहरण मुंबईतच आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी साध्या सिरक्याच्या द्रावाने करता येईल काय, हे पाहण्यासाठी टाटा रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या पथकाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी तपासणी करीत. पंधरा वर्षांनी, २०१३ साली, निष्कर्ष जाहीर झाला : या तपासणीने त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटतात. सिरका तोच, जो आज चरबी वितळविण्यासाठी सकाळी अनशापोटी पिण्यास सांगितला जातो. फरक दीड लाख स्त्रियांचा आणि पंधरा वर्षांचा. त्या अभ्यासाचे नाव आपल्यापैकी कितीजणांनी ऐकले आहे? उलट त्याच कर्करोगाने पूनम पांडे या अभिनेत्रीचे निधन झाल्याची घोषणा २ फेब्रुवारी २०२४ रोजी तिच्याच खात्यावरून झाली, तेव्हा देशभर हळहळ उमटली. दुसऱ्या दिवशी ती जिवंत प्रकटली व हे जनजागृतीसाठी केले असे म्हणाली. या कर्करोगाच्या लसीला प्रोत्साहन देण्याचा मनोदय अंतरिम अर्थसंकल्पात आदल्याच दिवशी व्यक्त झाला होता. भारतीय स्त्रियांत प्रमाणाने दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या या रोगाचा असा तमाशा व्हावा, आणि ज्या घरांत त्या रोगाने खरोखरच माणूस गेले त्यांनी तो पाहावा, यास जागृती म्हणण्याइतके आम्ही उदार नाही.

ही झाली उपचारांची कथा. जीवनशैलीची कथा अधिक खमंग आहे, आणि तिचा संबंध आमच्या गोव्याशी अधिक जवळचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या व जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीत देशाचे प्रमाण ११.४ टक्के आढळले आणि गोव्याचे २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. प्रौढांतील दर चौथा माणूस! या राज्याचे चित्र पडद्यावर मात्र कसे रंगते? सकाळपासून हातात पेला, तळलेल्या पदार्थांचे ढीग, रात्रभर जागरण, आणि वर ‘हेच खरे जगणे’ असा उद्घोष. केबल दूरचित्रवाणीच्या नियमांनी दारूच्या जाहिरातीस मनाई आहे. किनाऱ्यावर उघड्यावर मद्यपान करणाऱ्यांस दंड करण्याची तरतूद गोवा विधानसभेने २०१९ मध्ये केली. तथापि किनाऱ्यावर बाटली घेऊन बसलेला, लाखो अनुयायी असलेला तरुण जाहिरात करीत नसतो, तो म्हणे आपले आयुष्य दाखवीत असतो. मद्य हे कर्करोगकारक आहे असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच दिला आहे. पेला उंचावणाऱ्याने हे ऐकले असण्याची आम्हांस शंकाच आहे.

खाद्यपदार्थांच्या चित्रफितींचाही असाच प्रकार. मुंबईत रमजानच्या दिवसांत मिनारा मशिदीच्या परिसरात बुऱ्हाणपुरी मावा जिलबी मिळते. ती वर्षातून एकदा, उपवास सोडल्यावर, चार जणांत वाटून खाण्याची वस्तू. एकट्याने बसून किलोभर फस्त करण्याची पैज लावली म्हणजे ती जिलबी राहत नाही, प्रेक्षक गोळा करण्याचे साधन होते. आणि गंमत अशी की त्याच पडद्यावर पुढचा उपदेशक येऊन केळे म्हणजे साखरेचे पोते असे बजावतो. ज्या बुऱ्हाणपूर-रावेर पट्ट्याचा संसार केळीच्या बागांवर उभा आहे, तेथील मुलांनी घरचे केळे टाकून पाकीटबंद ‘प्रोटीन’ची वडी विकत घ्यावी, असा हा व्यापार आहे. मधुमेह्याने केळे किती खावे हे त्याने आपल्या डॉक्टरला विचारावे. धट्ट्याकट्ट्या पोराला केळ्याचे भय घालणारा मात्र काहीतरी विकावयास बसला आहे, असे खुशाल समजावे.

कायदा नाही अशी तक्रार करण्याची सोय नाही. औषधे व जादूचे उपाय यांसंबंधीचा १९५४ चा कायदा कर्करोग, मधुमेह, लठ्ठपणा अशा रोगांवरील औषधांच्या जाहिरातीस बंदी करतो, आणि जाहिरात म्हणजे काय हे सांगताना प्रकाश, ध्वनी अथवा धूर यांद्वारे केलेली घोषणाही त्यात धरतो. मोबाइल कोणाच्या स्वप्नातही नव्हता तेव्हा लिहिलेले हे शब्द आजच्या पडद्याला नेमके लागू पडतात. अडचण एवढीच की लिंबूपाणी हे औषध नव्हे, अन्न आहे, अशी पळवाट काढता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस पाठिंबा देणाऱ्यास दहा लाखांपर्यंत, व पुन्हा तसेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड ठेवला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने आरोग्यविषयक बोलणाऱ्या इन्फ्लुएन्सरांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे काढली : पदवी असेल तर ती सांगा, नसेल तर हे वैद्यकीय सल्ल्यास पर्याय नाही असे स्पष्ट म्हणा. ७ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही पतंजलीच्या प्रकरणात अशा मंडळींवर उत्पादकाइतकीच जबाबदारी असल्याचे बजावले. एवढे सारे दिल्लीत झाले. ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार जिल्हाधिकाऱ्याकडे करण्याची आणि त्याने चौकशी करून केंद्रीय प्राधिकरणास अहवाल पाठविण्याची सोय केलेली आहे. राजपुऱ्यातल्या माणसाला दिल्ली गाठावी लागू नये म्हणूनच ती आहे. पणजीत, मडगावात, जळगावात, बुऱ्हाणपुरात या अधिकाराची आठवण कोणत्या कचेरीला आहे? आमदारांनी विधानसभेत हा प्रश्न विचारावा आणि मिळालेले उत्तर आम्ही छापू.

दंडाची भाषा करताना एका धोक्याकडे मात्र डोळेझाक करून चालणार नाही. एप्रिल २०२३ मध्ये रेवंत हिमतसिंगका या तरुणाने बोर्नव्हिटातील साखरेवर बोट ठेवले, तेव्हा कंपनीच्या कायदेशीर नोटिशीपुढे त्याला आपली चित्रफीत काढून टाकावी लागली. त्याच वर्षअखेर कंपनीने मिसळलेल्या साखरेचे प्रमाण शंभर ग्रॅममागे ३७.४ वरून ३२.२ ग्रॅमवर आणले, आणि एप्रिल २०२४ मध्ये अशी पेये ‘आरोग्यपेय’ या सदराखाली विकू नयेत असे केंद्राने ऑनलाइन दुकानदारांना कळविले. हा तरुण डॉक्टर नव्हता. त्याने वेष्टनावर छापलेले वाचून दाखविले. तोंड बंद करण्याची यंत्रणा उभी राहिली तर प्रथम कोणाचे तोंड बंद होते हे यावरून दिसते. म्हणून सरसकट परवान्याच्या पद्धतीला आमचा विरोध आहे. औषध, उपचार अथवा आहारपूरक वस्तू सुचविणाऱ्याने त्याबद्दल पैसे घेतले काय, हे पहिल्याच वाक्यात सांगावे, आणि न सांगणाऱ्यास दंड व्हावा, एवढे प्रथम झाले पाहिजे.

आणि डॉक्टरांनीही थोडे ऐकून घ्यावे. बाह्यरुग्ण विभागात दोन मिनिटांत चिठ्ठी हातात पडते, प्रश्न विचारला तर कपाळाला आठी पडते, आणि चिठ्ठीवरचे अक्षर औषधविक्रेत्यालाच वाचता येते. पडद्यावरचा माणूस हसतमुखाने, मराठीत, दहा मिनिटे समजावून सांगतो. खोटे सांगतो, पण समजावून सांगतो. टाटाच्या २६२ तज्ज्ञांचे निवेदन इंग्रजीत निघाले. लिंबूपाण्याची हकीकत तोपर्यंत बोलीभाषांतून वाडीवस्तीवर पोचली होती. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची परंपरा १८४२ पासूनची आहे आणि तेथे मधुमेहाचे, कर्करोगाचे जाणकार अध्यापक आहेत. त्यांच्यापैकी दोघा-तिघांना आठवड्यातून अर्धा तास रुग्णसेवेतून मोकळे करून कोंकणीत आणि मराठीत बोलावयास बसवावे. आदल्या आठवड्यात पडद्यावर जो उपाय सर्वांत अधिक फिरला असेल, तो घेऊन त्याचे खरेखोटे त्यांनी सांगावे. चित्रीकरणाचा खर्च आरोग्य खात्याने करावा. पर्यटनाच्या जाहिरातींवर सरकार जो पैसा ओतते, त्याच्या मानाने तो किरकोळ असेल.